सिस्टरला डॉक्टरची चिठ्ठी का लागत नाही?

गेल्या वर्षावासात धम्मप्रवचनाच्या निमित्ताने देवळा तालुक्यातल्या एका वस्तीवर आमचं जाणं झालं. लाल कांद्याच्या लागणीचे दिवस होते. तरण्या बाया सगळ्या शेतात, त्यामुळे विहारात म्हाताऱ्या आणि लेकरंच जास्त. वंदना आटोपली तेव्हा बाहेरच्या ओट्यावर आरोग्य सेविका लसीचा निळा डबा उघडून बसलेली होती. महिन्याचं लसीकरण होतं. आशा ताई नावं पुकारत होती.

नवव्या महिन्यातल्या एका नातवाला घेऊन एक आजी पुढे आल्या. सिस्टरने कार्ड पाहिलं, सुईचं पाकीट फोडायला घेतलं आणि आजींनी विचारलं, "डॉक्टरनी चिठ्ठी शे का?"

सिस्टर हसली. म्हणाली, "आजी, या लसीला चिठ्ठी लागत नाही."

"बिगर चिठ्ठीनं सुई? मग नको." आजींनी नातवाला पदराखाली घेतलं आणि चालू पडल्या.

ओट्यावर बसलेल्या दोघी-तिघी हसल्या. आम्हालाही आधी वाटलं, अडाणीपणा आहे झालं. पण संध्याकाळी त्यांच्या घरी चहाला बसलो आणि आमचं हसू आटलं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या मोठ्या मुलीला ताप आला होता. वस्तीवर सायकलवर पिशवी अडकवून एक माणूस यायचा. तो कोण, काय शिकलेला, कुणी विचारलं नाही. त्याने कुल्ल्यात सुई टोचली. मुलीचा पाय त्या दिवसापासून लुळा. पुढे मोठ्या दवाखान्यात सांगितलं, सुई शिरेला लागली. ती मुलगी आज चाळिशीत आहे आणि आजींजवळच राहते. ती चहाचे कप घेऊन आली तेव्हा आजी म्हणाल्या, "त्येलाबी कोणी चिठ्ठी इचारली नव्हती."

या बाईला अडाणी कसं म्हणायचं? तिने तर बरोबर प्रश्न विचारला होता. सुई टोचण्याचा अधिकार तुला कुणी दिला, हा प्रश्न प्रत्येक आईबापाने विचारावा असाच आहे. कालामसुत्तात तथागतांनी हेच सांगितलं, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून बघा. चूक एवढीच की तिला उत्तर मिळालं नाही. "लागत नाही" हे उत्तर नव्हे. म्हणून या महिन्याचं आरोग्याचं पान त्या एका प्रश्नासाठी.

चिठ्ठी कुणी लिहिली?

डॉक्टरची चिठ्ठी कशासाठी असते ते आधी पाहू. माणूस आजारी पडतो, डॉक्टर त्याला तपासतो, आजार ओळखतो आणि त्या एका माणसासाठी औषध आणि मात्रा लिहून देतो. दुसऱ्याची चिठ्ठी आपल्याला चालत नाही, कारण आजार त्याचा वेगळा असतो.

बाळाच्या लसीचं तसं नाही. बाळ निरोगी आहे. त्याचा आजार ओळखायचा नाही, आजार होऊ नये म्हणून बंदोबस्त करायचा आहे. कोणत्या वयाला कोणती लस, किती मात्रा, शरीराच्या कुठल्या जागी, हे गोवंडीच्या बाळाला आणि देवळ्याच्या बाळाला सारखंच. ते ठरवायला देशपातळीवर तज्ज्ञांचा सल्लागार गट आहे आणि त्याच्या सल्ल्याने सरकारने राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रक केलं आहे. म्हणजे चिठ्ठी लिहिलेली आहे. ती एकदाच, देशातल्या सगळ्या बाळांच्या नावाने लिहिली आहे, आणि तिची प्रत तुमच्या घरात माता बाल संरक्षण कार्डावर छापलेली आहे. सिस्टर मनाने काही देत नाही, ती त्या छापील आदेशाची अंमलबजावणी करते.

ही व्यवस्था आजची नाही. लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम देशात १९७८ साली सुरू झाला आणि १९८५ पासून त्याला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचं रूप आलं. तेव्हापासून खेड्यात लस टोचणारा हात मुख्यतः आरोग्य सेविकेचाच, म्हणजे एएनएमचा. कायद्यातही त्याला जागा करून ठेवलेली आहे. औषध दुकानातून लस घ्यायची तर डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि दुकानदाराला परवाना लागतो. पण औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची 'के'मध्ये एक सूट आहे. सरकारी आरोग्य कार्यक्रमाखाली प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्रातल्या परिचारिका, एएनएम, आरोग्य सहाय्यिका जी औषधं देतात, त्यांना विक्री परवान्याची अट लागू होत नाही. ही सूट कार्यक्रमापुरती आहे. तीच सिस्टर उद्या घरी बसून स्वतःच्या पैशाने आणलेली इंजेक्शनं टोचू लागली, तर या सुटीचा आधार तिला नाही.

ही गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण गोंधळ इथेच होतो. बिगर चिठ्ठीने देता येतं ते वेळापत्रकातलं. वेळापत्रकाबाहेरची लस, समजा खासगी दवाखान्यात कांजण्यांची घ्यायची, तर तिथे डॉक्टर लिहून देणार आणि त्याच्या सांगण्यावरून सिस्टर टोचणार. कुत्रा चावला तर लस टोचणारी सिस्टरच असली तरी आधी जखम डॉक्टरने बघायला हवी. जखम किती खोल, नुसती लस पुरे की जखमेत सीरमही भरायचं, हा निर्णय तपासणीचा आहे. त्यासाठी ग्रामीण रुग्णालय गाठायचं, आणि त्याआधी घरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद-चुना भरत बसायचं नाही.

पण टोचणारी कोण?

आजींच्या प्रश्नाचा दुसरा भाग हा. सायकलवाला आणि सिस्टर यांच्यात फरक काय?

एएनएमला बारावीनंतर दोन वर्षांचं शिक्षण घ्यावं लागतं. जीएनएमचं तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंगचं चार. परीक्षा पास झाली की काम झालं असं नाही, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं. नोंदणी क्रमांकाशिवाय नर्स म्हणून काम करणं बेकायदा आहे. शिवाय लसीकरणाचं वेगळं प्रशिक्षण, आणि नवी लस आली की पुन्हा प्रशिक्षण. नुसता पांढरा कोट म्हणजे नोंदणी नव्हे. तालुक्याच्या गावांतून आजही दवाखान्यात वर्ष-दोन वर्षं झाडलोट करता करता सुई धरायला शिकलेल्या पोरींना 'सिस्टर' म्हटलं जातं. त्यांचा दोष कमी, त्यांना कमी पगारात राबवून घेणाऱ्यांचा जास्त. पण लेकरू आपलं असतं. विचारायला लाजू नका.

आशा ताई लस टोचत नाही. ती घरोघर जाऊन यादी करते, बोलावून आणते, नंतर चौकशी करते. अंगणवाडी ताईही टोचत नाही. पोलिओचे तोंडातले थेंब रविवारच्या मोहिमेत प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक पाजतात ते चालतं, पण सुई फक्त शिकलेल्या, नोंदणी असलेल्या हातात.

आणि जागा. आजींच्या मुलीला कुल्ल्यात सुई दिली होती. लहान मुलांच्या कुल्ल्यातून पायाकडे जाणारी मोठी शीर जाते. न शिकलेल्या हाताची सुई तिला लागते, पाय जातो. म्हणूनच बाळाची कुठलीही लस कुल्ल्यात देत नाहीत. पेंटाव्हॅलेंट मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, डाव्या. न्युमोकोकलची उजव्या मांडीत. गोवर-रुबेला उजव्या दंडावर कातडीखाली. बीसीजी डाव्या दंडावर, कातडीतच. ही डावी-उजवी उगाच ठरवलेली नाही. कुठल्या जागी सूज आली ते पाहून कुठल्या लसीने आली हे कळावं, म्हणून ती सगळ्या देशात एक आहे. आम्ही हे आजींना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मंग हे आधी का नही सांगत कोणी?"

खरंच, का नाही सांगत? एका सिस्टरकडे मैदानी भागात पाच हजार माणसांचं उपकेंद्र, डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजारांचं. बाळंतपणं, नोंदवह्या, मोबाइलवरची माहिती, वरून येणारे फोन. ती दमते. दमलेलं माणूस "लागत नाही" एवढंच बोलतं. तिची बाजू आम्हाला कळते. पण लस टोचल्यावर चार गोष्टी सांगणं हा तिच्या कामाचाच भाग आहे: कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून बरोबर आणायचं. या चार गोष्टी न सांगता ती पुढच्या बाळाकडे वळली तर हक्काने थांबवा.

टोचण्याआधीही तिला बरंच बघावं लागतं. लसीच्या बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला, तर ती बाटली उष्णतेने वाया गेली. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची असते, आणि आमच्या कसमादेच्या एप्रिल-मेच्या उन्हात डबा मोटारसायकलवरून वस्तीपर्यंत आणणं सोपं काम नाही. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते. ती सोबतच्या द्रावणातच कालवायची, दुसऱ्या कशात नाही, आणि कालवल्यापासून चार तासांच्या आत वापरून बाकीची टाकून द्यायची. म्हणून बाटलीवर फोडल्याची वेळ लिहिलेली असते. सुई आणि सिरिंज प्रत्येक बाळाला नवी. ती एकदा दाबली की आपोआप अडकते, पुन्हा वापरताच येत नाही.

मग बाळाची चौकशी. थोडी सर्दी, किरकोळ ताप, एखाद-दुसरा पातळ जुलाब असला तरी लस देता येते. "आज अंग गरम आहे, पुढच्या महिन्यात बघू" म्हणून परत नेलेली कितीतरी बाळं पुढच्या महिन्यात येत नाहीत. पण बाळ खूप आजारी असेल, आधीच्या डोसनंतर झटके आले असतील, अंगावर गांध्या उठून दम लागला असेल, तर सिस्टरने हात आवरायचा आणि वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचं. चिठ्ठीशिवाय देण्याची परवानगी आणि कुठे थांबायचं हे ओळखणं, दोन्ही तिच्या प्रशिक्षणात एकत्रच शिकवलेलं असतं. पहिलं घेऊन दुसरं सोडता येत नाही.

टोचल्यानंतर अर्धा तास तिथेच बसायला सांगतात, त्याचंही कारण आहे. फार क्वचित, पण एखाद्याला लसीची तीव्र ॲलर्जी उठते. श्वास कोंडतो, नाडी क्षीण होते, आणि ते बहुधा पहिल्या काही मिनिटांतच होतं. त्यासाठी सिस्टरच्या पिशवीत ॲड्रिनलिनचा छोटा संच असतो. त्या वेळी डॉक्टरची वाट न बघता वयाप्रमाणे एक डोस मांडीत टोचायची तिला परवानगी आहे, तसं तिला शिकवलेलं आहे. मग १०८ ला फोन आणि दवाखाना. ओट्यावरून आधी उठून गेलात, तर तो संच तिच्या पिशवीत आणि बाळ तुमच्या घरी. कामाची घाई कितीही असो, तो अर्धा तास रोजंदारीत धरू नका.

घरी गेल्यावर ताप एक-दोन दिवस येऊ शकतो, सिस्टरने सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्या. टोचल्या जागी काही चोळू नका. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन वण राहतो, तो यायचाच असतो. गोवर-रुबेलानंतर सात ते दहा दिवसांनी हलका ताप किंवा पुरळ दिसू शकतं. याहून वेगळं काही दिसलं तर आशा ताईला त्याच दिवशी कळवा.

डॉक्टर हवाच म्हटलं तर काय होतं

काही जण म्हणतील, एवढं सगळं असलं तरी डॉक्टर समोर असला तर वाईट काय? वाईट काही नाही. पण डॉक्टर असल्याशिवाय लसच नाही असा नियम केला की काय होतं, ते तमिळनाडूत दिसलं आहे.

एप्रिल २००८ मध्ये तिथल्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यात गोवराची लस दिल्यानंतर चार बाळं दगावली. राज्य हादरलं. सरकारने गावोगावची सत्रं थांबवली आणि लस प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टर हजर असतानाच द्यायची असं ठरवलं. हेतूला नाव ठेवता येणार नाही. पण त्याआधी, २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तमिळनाडूतल्या सुमारे ८१ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण होतं आणि ते राज्य देशात पुढे होतं. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात तो आकडा सुमारे ७० वर आला. या घसरणीला एकच कारण होतं असं कुणी म्हणणार नाही, पण लस गावातून उठून केंद्रात गेली हे त्यातलं एक मोठं कारण मानलं जातं. ज्या आईला दिवसाची मजुरी बुडवून, भाडं खर्चून जावं लागतं, ती एकदा जाते, दोनदा जाते, तिसऱ्यांदा राहून जातं.

ती आई कोण असते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. गावठाणातल्या वाड्याला केंद्र जवळ असतं. लांब पडतं ते गावकुसाबाहेरच्या वस्तीला, वीटभट्टीवरच्या झोपडीला, उसाच्या फडातल्या कोपीला, कांदा काढायला सुरगाणा-पेठकडून आलेल्या आदिवासी मजुराच्या पालाला. सिस्टरचा बिगर चिठ्ठीचा अधिकार हा खरं म्हणजे यांचा अधिकार आहे. तो गेला तर डबा वस्तीपर्यंत येणारच नाही.

महाराष्ट्राने फार शेखी मिरवावी असंही नाही. २०१५-१६ मध्ये आपल्या राज्यात पूर्ण लसीकरण झालेली मुलं सुमारे ५६ टक्केच होती. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ती ७३ च्या पुढे गेली. उरलेली बाळं कुठली? २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला आणि आपल्या शेजारच्या मालेगावात गोवर पसरला तेव्हा त्याचं उत्तर मिळालं. दाटीच्या, गरीब वस्त्यांत, आणि लस न घेतलेल्या किंवा अर्धवट घेतलेल्या मुलांत. मालेगाव आपल्याला परकं नाही, बाजाराला, दवाखान्याला, सोयरीकीला रोज जाणं-येणं आहे. गोवर एसटीचं तिकीट काढत नाही.

बाळंतपणाच्या वेळी तर हा अधिकार तासांवर मोजला जातो. कावीळ बी ची पहिली लस जन्मापासून चोवीस तासांच्या आत द्यायची असते. आईच्या रक्तात तो विषाणू असेल तर बाळाला वाचवण्याची ती वेळ असते. उपकेंद्रात रात्री दोनला बाई मोकळी झाली, डॉक्टर सकाळी येणार, तो येऊन लिहून देणार, मग लस. असं असतं तर कितीतरी बाळांचे चोवीस तास निघून गेले असते. म्हणून प्रसूती करणारी सिस्टरच ती देते, सोबत बीसीजी आणि पोलिओचे थेंब.

गंमत अशी की जे आपल्याकडे चाळीस वर्षं चाललं आहे, ते श्रीमंत देशांत आत्ता कुठे येतं आहे. फ्रान्समध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये नियम बदलले आणि प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना अकरा वर्षांपुढच्या लोकांसाठी वेळापत्रकातल्या लसी स्वतः लिहून द्यायचा अधिकार मिळाला. सुईणींचा अधिकारही वाढवला. त्याची तिकडे मोठी चर्चा झाली. आपल्या उपकेंद्रातल्या बाईबद्दल कुणी ओळभर लिहीत नाही.

सुईण हा शब्द आला म्हणून थोडं विषयांतर. गावगाड्यात बाळंतपण करणं, नाळ कापणं हे काम 'विटाळाचं' ठरवून अनेक ठिकाणी मातंग आणि इतर अस्पृश्य समाजातल्या बायांवर टाकलेलं होतं. हात तिचा चाले, पण उंबऱ्याच्या आत तिला एरवी जागा नसे. तिला कुणी शिकवलं नाही, स्वच्छ पातं दिलं नाही, आणि बाळ धनुर्वाताने गेलं की बोल मात्र तिलाच. तो धनुर्वात आटोक्यात आला तो दवाखान्यातली बाळंतपणं वाढल्यामुळे, स्वच्छ पात्यामुळे आणि गरोदर बाईला दिलेल्या धनुर्वाताच्या लसीमुळे. ही लस देणारी पुन्हा एएनएमच. २०१५ मध्ये माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून दूर झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. ज्या कामाला विटाळ म्हटलं, त्याच कामासाठी आज परीक्षा, नोंदणी आणि पगार आहे, आणि आपल्या कितीतरी लेकी त्या निळ्या डब्याच्या मालकिणी आहेत. २०२३ मध्ये परिचर्या आणि प्रसूतिसेवेसाठी नवा राष्ट्रीय आयोग कायदाही झाला, त्याच्या नावातच आता सुईणीच्या विद्येला जागा आहे.

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. बाबासाहेब आणि रमाईंनी चार लेकरं गमावली. राजरत्न जुलै १९२६ मध्ये न्यूमोनियाने गेला. विलायतेतून पदव्या घेऊन आलेल्या बापालाही त्या वेळी हाती काही नव्हतं, कारण न्यूमोनियाला आवरणारं औषध आणि बाळाला देण्याची लस जगातच नव्हती. पुढे दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. आज सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशा तीन वेळा मिळणारी न्युमोकोकलची लस न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणापासून बाळाला जपते. २०२१ पासून ती देशभर वेळापत्रकात आहे. सगळा न्यूमोनिया तिने थांबत नाही. पण ती फुकट आहे, आणि ती आपल्या ओट्यावर येते.

तेव्हा वस्तीतल्या मंडळींनी एक करावं. दरवर्षी प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाचा आराखडा होतो, कुठल्या वस्तीवर कुठल्या दिवशी सत्र ते त्यात लिहिलेलं असतं. आपल्या वस्तीचं नाव त्यात आहे का, जवळच्या भट्टीचं आणि पालांचं आहे का, हे महिला मंडळाने वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून यावं. नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडावा आणि विहाराची जागा देऊ करावी. बाळाचा एखादा डोस राहिला असेल तरी लाजून घरी बसू नका. राहिलेले डोस पुढे देता येतात, सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येतं. कार्ड हरवलं असलं तरी सिस्टरच्या नोंदवहीत नाव असतं. बाळ परत पाठवू नये.

आजींच्या नातवाचं पुढे काय झालं? त्यांच्या मुलाने एक दिवसाची मजुरी सोडली, तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात फी भरली आणि चिठ्ठी आणली. त्या चिठ्ठीवर कार्डावर छापलेल्या लसीचंच नाव होतं, दुसरं काही नाही. या खटपटीत मधलं एक सत्र गेलं. नवव्या महिन्याची गोवर-रुबेला त्या बाळाला अकरावा भरत आला तेव्हा मिळाली, डाव्या मांडीला न्युमोकोकल नको, उजव्या मांडीलाच द्या, हे आजींनी सिस्टरला बजावल्यावर.

परवा सिस्टरशी फोनवर बोलणं झालं. म्हणाली, आजी आता शेजारपाजारची लेकरंही घेऊन येतात आणि अर्धा तास झाल्याशिवाय कुणाला ओट्यावरून उठू देत नाहीत. बाटली मात्र दरवेळी हातात मागतात. हातात देता येत नाही, म्हणून सिस्टर ती त्यांच्या चष्म्यासमोर धरते आणि आजी चौकोन बघतात.